बैठकीतला कापूस आणि दहा लिटर रंग

सोमवारी दिवेलागणीला फोन आला. मामाजी, म्हणजे माझे सासरे, उभ्याउभ्या "हो जी, या न, घरच हाय आपलं" म्हणत राहिले, फोन ठेवला आणि मग एकदम खाटेवर बसले. रविवारी अकरा वाजता नणंदेचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. खरं तर पाडव्यानंतर करायचं ठरलं होतं, पण मुलाच्या आजोबांची तब्येत बरी नाही, तेव्हा आधीच उरकून घेऊ म्हणतात. वीस-पंचवीस माणसं. आणि कार्यक्रम घरीच.

घरीच म्हणजे आमच्या बैठकीत. मागच्या दोन खोल्या मातीच्या, वर कवेलू, आणि पुढे ही एक स्लॅबची बैठक, बारा बाय सोळाची. माझ्या लग्नात, म्हणजे अकरा वर्षांपूर्वी, तिला पोपटी रंग मारला होता. तेव्हापासून तिला ब्रश लागलेला नाही. आणि त्या सोमवारी त्या बैठकीत खिडकीच्या वरच्या गजापर्यंत कापूस भरलेला होता.

पुण्या-मुंबईकडच्या वाचकांना हे नवल वाटेल, आमच्याकडे यवतमाळ जिल्ह्यात नाही वाटत. वेचलेला कापूस लगेच विकायचा की भाव चढेपर्यंत घरात ठेवायचा, हा प्रश्न घरोघरी असतो, आणि घरात ठेवायचा म्हणजे जी खोली सगळ्यांत कोरडी ती कापसाची. माणसं ओसरीत. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता, आणि गावात गाडी घेऊन येणारा व्यापारी सात हजाराच्या आसपास घुटमळत होता. मामाजी दिवाळीपासून "चढते, चढते" म्हणून बसलेले. मार्च लागला, ऊन तापलं, कापसाची खाज सुरू झाली. उन्हाळ्यात घरातला कापूस अंगाला खातो, हातापायावर पुरळ उठतं, पोरं रात्रभर कराकरा खाजवतात. तरी मामाजी हलले नाहीत.

तर हातात पाच दिवस. त्यात आधी कापूस काढायचा, मग भिंती खरवडायच्या, मग रंग. आणि कोणता रंग, हे अजून कोणी विचारलंसुद्धा नव्हतं.

मंगळवारी सकाळी पेंटर भाऊ आले. गावातलेच आहेत, हिवाळ्यात जिनिंगवर, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, जातात, उन्हाळ्यात रंगकाम. दारातूनच कापसाकडे पाहिलं आणि म्हणाले, "वहिनी, मी रंग मारतो का रुईची गादी भरतो?" मग एका कोपऱ्यात कापूस हातानं बाजूला सारून त्यांनी भिंतीवर तळहात घासला आणि मला दाखवला. हात पोपटी. "ह्यावर काहीच टिकत नाही. अदुगर खरडाच लागते."

त्यांनी बोटं मोजत हिशोब सांगितला. मंगळवार कापूस. बुधवार खरवडणं. गुरुवार पुट्टी. शुक्रवारी पॉलिश पेपर मारून प्रायमर. शनिवारी सकाळी रंगाचा पहिला हात, चार-पाच तास सोडून संध्याकाळी दुसरा. रविवारी पाहुणे. मधे कुठेही अर्धा दिवस गेला तर पाहुणे ओल्या भिंतीत.

मी विचारलं, "आणि रंग कधी सांगू?"

"गुरुवारी रात्रीपर्यंत. शुक्रवारी आणा लागते."

सासूबाई चार वर्षांपूर्वी गेल्या. त्या असत्या तर त्यांनी एका मिनिटात सांगितलं असतं आणि आम्ही सगळ्यांनी मागून कुरकुर केली असती. आता ते माझ्याकडे आलं. आलं म्हणजे कोणी दिलं नाही, पण चुकलं तर कोणाला बोलायचं ते ठरून गेलं.

कापसाचं आधी सांगते. मामाजींचा विचार होता तो मागच्या खोलीत हलवायचा. पण मागच्या खोलीत धान्याच्या कोठ्या, चुलीचं सरपण, आणि कवेलूंतून येणारे उंदीर. वीसेक क्विंटल कापूस तिथे मावणार नव्हता. दुपारपर्यंत ते ओसरीत नुसते बसून राहिले. मग उठले, फोन केला, आणि चार वाजता व्यापाऱ्याची गाडी दारात. ७,१०० चा भाव. मोजताना ते काट्याजवळ उभे होते, एक शब्द बोलले नाहीत. माझ्या नवऱ्यानं नंतर हळूच हिशोब केला, हमीभावापेक्षा क्विंटलमागे चारशे एकवीस रुपये कमी. "आठ-साडेआठ हजार गेले," तो म्हणाला. तेवढ्यात बैठक दोनदा रंगवून झाली असती.

आता रंग. मंगळवारी रात्री जेवताना सगळ्यांनी सांगून टाकलं. मामाजी: चुना. "पायलीभर चुना, चिमटभर नीळ, मूठभर मीठ. माह्या बापानं तेच केलं." चुन्याला मी नावं ठेवणार नाही. ओला असताना भिंतीवर दिसतही नाही, वाळता वाळता पांढरा होत जातो, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचा पुन्हा दगड बनतो, आणि मातीच्या भिंतीला तो श्वास घेऊ देतो. आमच्या मागच्या खोल्यांना अजून दर दिवाळीला चुनाच. पण बैठकीत पाहुणे सतरंजीवर बसणार आणि भिंतीला पाठ टेकणार. वीस पाहुणे उठले आणि वीसही पाठी पांढऱ्या, हे मी एका लग्नात पाहिलेलं आहे. स्वस्तातल्या डिस्टेंपरचीही तीच गत. म्हणून इमल्शन, यावर पेंटर भाऊ आणि मी एक झालो.

नवरा: "जे लवकर वाळते ते." नऊ वर्षांची लेक: जांभळा. नागपूरच्या जावेनं फोनवर तीन फोटो पाठवले, तिन्हींत राखाडी भिंत आणि तिच्यापुढे एक उदास सोफा. आमच्याकडे सोफा नाही, लाकडी दिवाण आहे आणि प्लास्टिकच्या खुर्च्या आहेत. पेंटर भाऊ: "क्रीम मारून टाका वहिनी. क्रीमवर आजवर कोणी भांडलं नाही." नणंद: "तुम्ही पाहा न वहिनी." आणि ती भांडी घासायला उठून गेली.

मग मावससासूबाई. शेजारच्या गावाहून खास मदतीला आलेल्या. त्या म्हणाल्या, "गुलाबी मारा. पोट्टी सावळी हाय आपली. मांगं गुलाबी असला म्हंजे तोंड उजळते."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला, जरा जोरात.

मी काही बोलले नाही. पाहुण्यांसमोर चहा घेऊन उभं राहायची वेळ माझ्यावरही आली होती, तेव्हा माझ्याबद्दल काय बोललं गेलं होतं ते मला आठवतं. पण एक गोष्ट मात्र त्यांच्या बोलण्यात होती, तिनं मला रात्रभर झोपू दिलं नाही. भिंतीचा रंग तोंडावर येतो, हे खरं आहे. आमच्या लग्नाच्या व्हिडिओत हळदीच्या कार्यक्रमात बैठकीत बसलेला प्रत्येक माणूस हिरवट दिसतो. मी तर कावीळ झाल्यासारखी. तेव्हा सगळ्यांनी व्हिडिओवाल्याला दोष दिला. दोष पोपटी भिंतींचा होता. वर पांढरी ट्यूब, चार बाजूंनी पोपटी, उजेड भिंतीवर आपटून तोच रंग घेऊन परत येणार. चार भिंती एकमेकींवरही उजेड फेकतात, म्हणून कार्डावरच्या बोटभर चौकोनात जो रंग साधा वाटतो तो खोलीत दुप्पट चढतो.

म्हणजे गुलाबी मारला तर तोंड गुलाबी होईल का? मला नाही वाटलं. पण सिद्ध कसं करायचं?

बुधवारी सकाळी पेंटर भाऊ पत्री घेऊन खरवडायला बसले, पोपटी भुगा ओसरीपर्यंत आला, आणि मी बैठकीच्या दारात उभी राहून वेगळाच हिशोब केला. रविवारपर्यंत काय बदलू शकत नाही? खाली कोटा फरशी, हिरवट राखाडी. ती राहणार. दारं आणि खिडकीची चौकट गडद हिरवी, ऑइल पेंटची. त्यांना हात लावायचा नाही, कारण ऑइल पेंट रात्रभरात चिकटपणा सोडत नाही आणि वास तर आठवडाभर जात नाही. उत्तरेकडची खिडकी एकच. म्हणजे दिवसाही उजेड थंड. आणि रात्रीची ट्यूब, खोक्यावर ६५०० के लिहिलेली, निळसर पांढरी. एवढ्या हिरव्या-निळ्या मंडळींत राखाडी रंग आणला तर बैठक तलाठी कार्यालय दिसली असती. जावेचे फोटो तिथेच बाद. गुलाबीही गडद हिरव्या दाराशेजारी अंगावर आला असता, बुंदीच्या लाडवाच्या खोक्यासारखा. जांभळ्याबद्दल मी लेकीला समजावलं, तिला पटलं नाही.

उरलं काय, तर पिवळसर झाकेचं काहीतरी. पण क्रीम नको होतं. का ते सांगता येत नाही. क्रीम बँकेत असतं.

दारव्ह्याला रंग आणायला जायचं म्हणून मी सकाळी शेजारच्या काकांच्या शेतातून निघाले, बस त्या वाटेनं लवकर मिळते. त्यांच्याकडे ओलिताखाली फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही राखलेला कापूस, उभी होती. फरदड ठेवू नका म्हणून कृषी खात्याचे लोक दरवर्षी सांगतात, बोंडअळीचं त्यात फावतं, पण ठेवणारे ठेवतात. तिथे एका पराटीला, म्हणजे कापसाच्या झाडाला, सकाळचं फूल उमललेलं. पराटीचं फूल ज्यांनी जवळून पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: पहिल्या दिवशी ते पांढरंही नसतं आणि पिवळंही नसतं. साय धरलेल्या दुधाचा रंग, पाकळ्या जिथे जुळतात तिथे किंचित लिंबोणी, आणि कडेला जवळपास काहीच नाही, नुसता उजेड. पाकळी इतकी पातळ की बोट मागून दिसतं. मी अकरा वर्षं त्या शेतांतून जाते येते, निंदणाला बसले आहे, वेचणीला कंबर मोडून घेतली आहे, पण फूल हातात धरून असं कधी पाहिलं नव्हतं. वेळच कुठे असतो? हाच आपल्या बैठकीचा रंग, असं मनात आलं. तोडलं, रुमाल ओला केला, त्यात गुंडाळलं आणि बस पकडली.

दुकानात साडेअकराला पोचले. तिथल्या पोरानं शेड कार्डांची गड्डी समोर टाकली. हजारेक चौकोन, खाली नावं अशी की बिस्किटाच्या पुड्यावर शोभावीत. मी रुमाल सोडला. त्यानं फुलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पण पोरगा शेतकऱ्याच्या घरचा असावा, हसला नाही. आम्ही दोघांनी फूल एकेका पट्टीवर ठेवून पाहिलं. तिसऱ्या पट्टीवर सापडलं. मी म्हटलं, हा चौकोन आणि याच्याहून एक घर फिका, दोन्हींचा एकेक लिटर द्या.

आणि लाइन गेली.

मशीनशिवाय रंग होत नाही. पांढरा बेस डब्यात, मशीन कॉम्प्युटरवरच्या नंबराप्रमाणे त्यात थेंब थेंब रंग सोडते, मग दुसरं यंत्र डबा घुसळतं. थेंब मोजून पडतात म्हणूनच तोच नंबर सांगितला की पुन्हा तोच रंग मिळतो. हातानं ट्यूब पिळून रंग करणारे आहेत, आमच्या पेंटर भाऊंनाही येतं, पण दुसऱ्या दिवशी दुसरी बादली लागली की भिंतीवर दोन रंग. पोरगा म्हणाला, "तासाभरात येते." मी बसले. एक वाजला, दोन वाजले. नवऱ्याचा फोन, "झालं का?" तीन वाजले. मी बाजारातून हळदीकुंकवाचे करंडे घेऊन आले, सुपारी घेतली, दोन वेळा रसवंतीवर बसले. सव्वापाचला पंखा फिरला. पोरानं डबे मशीनखाली धरले, मी खात्री करावी म्हणून रुमाल उघडला.

फूल गुलाबी झालं होतं. पूर्ण नाही, पण कडेनं चढत चाललेली गुलाबी झाक, लाजल्यासारखी. पराटीचं फूल तसंच असतं, पहिल्या दिवशी पांढरट, दुसऱ्या दिवशी गुलाबी, मग लालसर होऊन गळतं. हे शेतातल्या लहान पोरालाही माहीत आहे. मलाही होतं. पण दुकानातल्या काउंटरवर, सहा वाजताची शेवटची बस धरायची असताना, ते कोणाला आठवतं?

"वहिनी," पोरगा गंभीरपणे म्हणाला, "हा त जुळून नाही रायला आता."

"सकाळचा जुळला होता न? तोच टाका."

दोन डबे घेऊन घरी आले तेव्हा अंधार पडला होता. मावससासूबाईंनी रुमालातलं फूल पाहिलं आणि म्हणाल्या, "पाय बाप्पा, गुलाबीच निघाला न!"

गुरुवारी पुट्टी. भिंत ओली, पांढरी, थंड. तिच्यावर रंग लावून पाहायची सोय नाही, आणि शुक्रवारपर्यंत थांबायला वेळ नाही. मग नवीन कूलरच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला, त्याचे हातभर रुंद दोन तुकडे केले, पेंटर भाऊंकडून प्रायमर लावून घेतला आणि प्रत्येकावर एकेका डब्यातला रंग दोनदा मारला. ही युक्ती मी कोणाकडून शिकले नाही, अडचणीत सुचली, पण भिंतीपेक्षा बरी निघाली. पुठ्ठा उचलून खिडकीजवळ नेता येतो, दाराला लावता येतो, फरशीवर उभा करता येतो. तिसरा तुकडा मी मुद्दाम गुलाबी केला. लेकीच्या रंगपेटीतला लाल आणि पांढरा बेस. मावससासूबाईंसाठी.

रात्री नऊला ट्यूब लावली आणि नणंदेला बोलावलं. साक्षगंधाची साडी, मोरपंखी, खांद्यावर टाकायला सांगितली. ती आली, भिंतीजवळ उभी राहिली, आणि म्हणाली, "हं, पाहा. कोणत्या रंगावर मी कमी काळी दिसतो."

हसत म्हणाली. पण मोबाइल हातात धरून मी तिच्याकडे पाहिलं तर तिनं पदर ज्या मुठीत धरला होता ती मूठ घट्ट होती.

मी म्हटलं, "ताई, मी तुम्हाला नाही पाहून रायली. पुठ्ठ्याले पाहून रायली."

"सगळे असंच म्हणते."

मग तिला पहिल्यांदा गुलाबीपुढे उभं केलं. फोटो काढला. मावससासूबाईंना हाक मारली, त्या चष्मा लावून आल्या. गुलाबीपुढे नणंदेचा चेहरा राखेसारखा दिसत होता. थकलेली, आजारी. गुलाबी इतका बोलत होता की तिच्या कातडीतला सगळा तांबूसपणा त्यानंच खाऊन टाकला. मग पराटीच्या फुलाचा गडद पुठ्ठा. बरा. मग फिका. आणि फिक्यावर एकदम तीच दिसायला लागली, ती जशी सकाळी अंगणात केस वाळवताना दिसते तशी. सावळी. साडी मोरपंखी, डोळे काळेभोर, पुठ्ठा जणू तिथे नाहीच.

मावससासूबाई बराच वेळ मोबाइल धरून होत्या. मग म्हणाल्या, "नाक त माह्या बहिणीचं हाय हिचं." आणि मोबाइल परत दिला. रंगाबद्दल त्यांनी पुन्हा काही म्हटलं नाही.

नणंद मात्र तिथेच उभी राहिली. फिका पुठ्ठा हातात घेऊन मागून-पुढून पाहिला. "हा कोणता म्हणला?" मी फुलाचं सांगितलं, लाइन गेल्याचं, गुलाबी झाल्याचं. ती भिंतीला टेकून इतकी हसली की ओली पुट्टी साडीच्या ब्लाउजला लागली. मग आम्ही दोघी रात्री दहाला ब्लाउज धुवायला बसलो.

शुक्रवारचं सांगण्यासारखं काही नाही. पॉलिश पेपरची धूळ, सगळ्यांच्या भुवया पांढऱ्या, नवरा बादली घेऊन आला. बैठकीचा घेर छप्पन फूट, उंची दहा, दारं-खिडकी वजा करून पाचशे चौरस फूट. पेंटर भाऊंच्या हिशोबानं दोन हातांना आठ लिटर लागणार, म्हणून दहाची बादली. रंग मिसळून आणला की परत घेत नाहीत, त्यामुळे नंबर मी नवऱ्याच्या तळहातावर पेननं लिहून दिला होता. एक मात्र झालं: पेंटर भाऊंनी स्विचबोर्डाशेजारी बोट ठेवलं. तीनेक आठवड्यांपूर्वी वायरिंगसाठी फोडून तिथे सिमेंट लावलं होतं, नेमके तेवीस दिवस झालेले. "ह्याले महिना पायजे. कच्च्या सिमेंटात खार असते, रंग खाते." महिना कुठून आणणार? तिथे पाडव्याचं कॅलेंडर लावायचं ठरलं. अजून तिथेच आहे, आणि त्याच्यामागे भिंतीला पांढरा लोणा धरला आहे, हे मी इथेच सांगते, घरी कोणाला माहीत नाही.

शनिवारी पहिला हात अकराला संपला. बाहेर ऊन आणि आत रंग, तासाभरात बोटाला चिकटणं कमी झालं. आम्ही सगळे ओसरीत जेवायला बसलो. लेक म्हणाली, "मी लवकर वाळवते," आणि कोणी हं म्हणायच्या आत तिनं बैठकीतला पंखा पाचवर सोडला.

त्या पंख्याखाली दिवाळीपासून कापूस होता.

पात्यांवर, मोटरवर, दांडीवर पाच महिन्यांची रुई बसलेली. बैठकीत बर्फ पडला. खरंच. आम्ही दारात उभे, आणि पांढरे तंतू तरंगत तरंगत आमच्या पराटीच्या फुलाच्या भिंतीवर जाऊन अलगद बसत होते. नवरा फडकं घेऊन धावला. पेंटर भाऊ जेवण सोडून ओरडले, "हात लावू नका! कोणीच हात लावू नका!" ओल्या रंगावरून तंतू पुसला की रंगही निघतो आणि तंतू आत पसरतो. पूर्ण वाळू द्यायचं, मग बारीक पेपरनं हलकेच झाडायचं, मग दुसरा हात. दोन तास आम्ही सगळे, मामाजीसुद्धा, भिंतीशी तोंड लावून तंतू वेचत होतो. "वेचणी संपली म्हणलं होतं मी," मामाजी म्हणाले. पंधरवड्यात पहिल्यांदा काहीतरी मजेत बोलले. लेक कोपऱ्यात रडत होती, तिला त्यांनी शेजारी उभं केलं आणि दोन बोटांत कसं धरायचं ते दाखवलं.

दुसरा हात संध्याकाळी सात वाजता, ट्यूबच्या उजेडात. रात्री साडेनऊला पेंटर भाऊंनी रोलर धुतला. उरलेला गडद लिटर त्यांनी देवघराच्या कोनाड्याला मारून टाकला, मी सांगितलंही नव्हतं.

रविवारी पाहुणे अकरा ऐवजी पावणेबाराला आले. सतरंज्या, लोड, पाणी, पोहे. मुलाचे थोरले काका, पांढरी टोपी, पांढरा सदरा, बसले ते सरळ भिंतीला पाठ देऊनच. स्वयंपाकघराच्या दारातून मी, नवरा आणि पेंटर भाऊ, ज्यांना जेवायला बोलावलं होतं, तिघेही त्यांच्या पाठीकडे बघत होतो. नणंद आली, कुंकू लागलं, साखरपुडा झाला, ओटी भरली. काका टोपी सावरत उठले. पाठ स्वच्छ. पेंटर भाऊंनी श्वास सोडला तो मला ऐकू आला.

काकांनी उठताना भिंतीवर तळहात फिरवला. आमच्याकडच्या माणसाला भिंत दिसली की हात लावायचाच असतो. खिडकीखाली एक तंतू राहिला होता, तो त्यांच्या बोटाला लागला. त्यांनी तो चिमटीत धरून पाहिला.

"मस्त हाय रंग. कोणता म्हणायचा हा?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, पण मामाजींनी आधीच सांगितलं.

"हा? हा ७,१०० च्या भावाचा हाय."

काका थांबले. "७,१०० मिळाले तुम्हाले? आमचा त ६,९०० नं गेला."

आणि मग दोघं परत सतरंजीवर बसले, पाठी पुन्हा भिंतीला, आणि जेवणाची पानं मांडेपर्यंत कोणी दुसरं काही बोललं नाही.